दप्तराचं वजन झालं, पाठ कोण बघणार?

जूनमध्ये शाळा उघडल्या की पुण्यात दप्तराच्या ओझ्याची चर्चाही उघडते. वर्तमानपत्रात पाठीवर बोचकं घेऊन निघालेल्या चिमुरड्याचा फोटो येतो, एखाद्या शाळेच्या दारात वजनकाटा मांडला जातो, पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस हळहळ होते. मुद्दा खोटा नाही. मुंबई उच्च न्यायालयात यावर याचिका झाली, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको असा राज्य सरकारचा शासन निर्णय २०१५ मध्ये निघाला, २०२० मध्ये केंद्राचं दप्तर धोरण आलं. जड दप्तराने खांदे भरून येतात, पाठ दुखते, मूल वैतागतं. ते हलकं करायला एवढी कारणं पुरेशी आहेत. माझी तक्रार दुसऱ्याच वाक्याबद्दल आहे. "दप्तरामुळे मुलांचे कणे वाकताहेत" हे दर जूनला कुणीतरी ठोकून देतं आणि बाकीचे माना डोलावतात. दप्तराने स्कोलिओसिस होतो, असं संशोधन सांगत नाही. आणि ज्या मुलांचा कणा खरोखरच वाकतोय त्यांची पाठ बघायची तजवीज आपल्या शालेय आरोग्य तपासणीत नाही. वजनकाट्यावर दप्तर ठेवून आपण मोकळे होतो.

स्कोलिओसिस म्हणजे वाढत्या वयात कणा एका बाजूला झुकणं, आणि झुकता झुकता स्वतःभोवती पिळला जाणं. हा पीळ महत्त्वाचा, कारण त्याच्याबरोबर बरगड्याही फिरतात आणि पाठीची एक बाजू फुगीर दिसू लागते. एक्स-रेवर वाक मोजायची पद्धत जॉन कॉब या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने १९४८ मध्ये मांडली. दहा अंशांच्या वर कोन गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणायचं. दहा ते सोळा या वयात शंभरातल्या दोन-तीन मुलांमध्ये तो सापडतो. म्हणजे पुण्यातल्या साठ पोरांच्या वर्गात एखाद-दुसरं मूल. त्यातल्या बहुतेकांचा वाक किरकोळ असतो, तो वाढत नाही, काही करावं लागत नाही. थोड्यांचा वाढतो, आणि त्यांत मुलींचं प्रमाण फार मोठं. दहा-पंधरा अंशांपर्यंत मुलगे-मुली जवळपास सारखे. तीस अंशांच्या पुढे मुली मुलांच्या कितीतरी पट.

कशामुळे होतो? काहींना जन्मतःच मणका अर्धवट घडलेला असतो, काहींना सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचा आजार असतो. पण दहातल्या आठ मुलांच्या बाबतीत डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात, की कारण माहीत नाही. माहीत करून घ्यायची धडपड मात्र जोरात चालू आहे. एकसारख्या जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता साध्या जुळ्यांपेक्षा बरीच जास्त, म्हणजे आनुवंशिकतेचा हात आहेच. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी एलबीएक्स-१ या जनुकाजवळ एक धागा पकडला, आणि तो पुढे इतर देशांतल्या रुग्णांतही सापडला. २०१६ मध्ये झेब्रा माशांवरच्या एका प्रयोगातून दिसलं, की मेंदू आणि कण्याभोवतालच्या द्रवाचा प्रवाह बिघडला तर माशाचा कणा वाढत्या वयात वाकतो. हा मासा मूळचा आपल्याकडच्या ओढ्या-नद्यांतला, जगभरच्या प्रयोगशाळांनी तो उचलून नेला, असो. या सगळ्या संशोधनात "पोक काढून बसली म्हणून", "एकाच खांद्यावर सॅक अडकवते म्हणून" किंवा "आईने दूध पाजलं नाही म्हणून" असं काही निघालेलं नाही. आपल्या घरांत मात्र निदान झाल्या दिवशी पहिला आरोप मुलीवर आणि दुसरा आईवर ठेवला जातो.

आता पाठ दिसत का नाही, ते सांगतो. मूल लहान असतं तोवर आई किंवा आजी अंघोळ घालते, तेल लावते, पाठ चोळते. कणा दोरीत आहे की नाही हे हाताला कळतं. नवव्या-दहाव्या वर्षी मुलगी न्हाणीघराचं दार लावून घेते आणि तिची उघडी पाठ घरात कुणी बघत नाही. उंची झपाट्याने वाढायचं, म्हणजे वाक वाढायचंही वय नेमकं त्यानंतरचं: मुलींमध्ये साधारण अकरावं-बारावं वर्ष, पाळी यायच्या आधीचा काळ. दुखत नाही, त्यामुळे मुलगीही काही बोलत नाही.

मग लक्षात कुणाच्या येतं? पोहायला शिकवणाऱ्या सरांच्या, मल्लखांबाच्या ताईंच्या, नाचाच्या क्लासमध्ये. आणि शिंप्याच्या. नारायण पेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानात मी बघितलेला प्रसंग आहे. गॅदरिंगच्या ड्रेसचं माप चाललं होतं. काकांनी टेप दोन्ही खांद्यांवरून दोनदा फिरवली, मुलीला जरा सरळ उभं राहायला सांगितलं, पुन्हा फिरवली, आणि आईला हळूच म्हणाले, "ताई, हिचा डावा खांदा उतरता आहे. त्या बाजूला पातळ पॅड घालतो, कळणारसुद्धा नाही." आईने मान डोलावली. काकांची नजर तयार होती, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. पण उतरता खांदा, एका बाजूला वर आलेलं खांद्याचं पातं, कमरेची एकीकडे जास्त खोल गेलेली खाच, फ्रॉकचा घेर एका बाजूला लोंबणं या खुणा डॉक्टरकडे जायच्या आहेत, आणि आपल्याकडे त्यांच्यावर पॅड बसतं.

बघायला लागतं किती? इंग्लंडच्या विल्यम ॲडम्सने १८६५ मध्ये सांगितलेली चाचणी आजही तीच आहे. मुलाने पावलं जुळवून, गुडघे न वाकवता उभं राहायचं, तळहात एकमेकांना लावून हात खाली सोडायचे आणि कमरेतून पुढे वाकायचं, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. बघणाऱ्याने मागे बसून नजर पाठीच्या पातळीवर आणायची. कणा सरळ असेल तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. पिळलेला असेल तर एका बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर येतात; उभं असताना जे शर्टाखाली लपतं ते वाकल्यावर लपत नाही. उंचवटा मोजायला स्कोलिओमीटर नावाचं छोटं साधन आहे, गवंड्याच्या पाणसळीसारखं. ते पाठीवर आडवं धरायचं आणि आतली गोळी किती अंशांवर थांबते ते वाचायचं. साधारणपणे सात अंश किंवा त्याहून जास्त असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. मिनिटभराचं काम आहे. रक्त काढायचं नाही, यंत्र लावायचं नाही. मुलींची तपासणी पडद्यामागे, बाई डॉक्टरांनी किंवा सिस्टरने करायची, एवढं एक पथ्य.

हे करायला माणसंही आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रातल्या पालघरहून. त्यातल्या फिरत्या पथकात दोन डॉक्टर असतात, एक पुरुष आणि एक स्त्री, शिवाय औषधनिर्माता आणि परिचारिका. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत वर्षातून एकदा हे पथक जातं. त्यांच्या यादीत तीस व्याधी आहेत: जन्मजात वाकडी पावलं आहेत, खुब्याच्या सांध्याचा दोष आहे, मुडदूस आहे, दात किडणंसुद्धा आहे. वाढत्या वयातला कण्याचा वाक नाही. डॉक्टर समोर, मूल समोर, आणि रकानाच नाही म्हणून बघायचं नाही! शिवाय पुण्यातली निम्मी चर्चा ज्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांभोवती फिरते, त्या या योजनेच्या बाहेरच. तिथल्या 'हेल्थ चेकअप'मध्ये उंची, वजन, दात, डोळे झाले की रिपोर्ट कार्डावर शिक्का.

याला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. अमेरिकेत प्रतिबंधक आरोग्यसेवांवर सल्ला देणारा जो तज्ज्ञगट आहे, त्याने २००४ मध्ये लक्षणं नसलेल्या मुलांची सरसकट पाठतपासणी करू नका असं सांगितलं होतं. कारण सरळ होतं: शंभर मुलं पुढे पाठवायची, त्यातल्या बऱ्याच जणांना काहीच निघणार नाही, पण एक्स-रे होणार, घर हादरणार, आणि जिला खरंच आहे तिच्यासाठी ब्रेसचा, म्हणजे वाक वाढू नये म्हणून धडावर बांधायच्या कडक कवचाचा, उपयोग होतो याचा पक्का पुरावा कुठे आहे?

त्या वेळी तो खरंच नव्हता. इथे मला अमेरिकेतल्या आयोवाचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट वाइनस्टीन यांचं काम फार मोलाचं वाटतं. कोणतेही उपचार न घेतलेल्या स्कोलिओसिसच्या रुग्णांचा पन्नास वर्षांचा पाठपुरावा त्यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता: ही माणसं साठी-सत्तरीत पोचली होती, कामंधामं करत होती, संसार करत होती. जुनाट पाठदुखी त्यांच्यात जास्त होती, ६१ टक्क्यांना, तर तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत ३५ टक्क्यांना. दिसण्याबद्दलची खंतही होती. पण अंथरुणाला खिळण्याची जी भीती घातली जाते ती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरली नाही. याच वाइनस्टीन यांनी मग ब्रेसची परीक्षा घेतली. अमेरिका आणि कॅनडातली २५ केंद्रं, दहा ते पंधरा वयाची, वीस ते चाळीस अंश वाक असलेली २४२ मुलं. २०१३ मध्ये निकाल आला. शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो तो पन्नास अंशांचा टप्पा वाढ संपेपर्यंत न गाठलेली मुलं ब्रेसच्या गटात ७२ टक्के, नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला गेला. २०१८ मध्ये त्या तज्ज्ञगटानेही आपला 'नको' मागे घेऊन 'तपासणीच्या बाजूने वा विरुद्ध सांगण्याइतका पुरावा नाही' असा सावध पवित्रा घेतला. अस्थिरोग आणि बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटना मात्र मुलींची दहाव्या आणि बाराव्या वर्षी, मुलग्यांची तेराव्या किंवा चौदाव्या वर्षी एकदा तपासणी करावी या बाजूच्या आहेत. जपानमध्ये ती १९७९ पासून कायद्यानेच आहे, हाँगकाँगमध्ये १९९५ पासून सरकारी आरोग्यसेवेतून होते.

त्या ४८ टक्क्यांकडेही बघावं. ब्रेस न घालता जवळजवळ निम्मी मुलं पन्नासच्या आतच राहिली. म्हणजे ब्रेस घातलेल्यांपैकी अनेकांनी तो विनाकारण घातला, फक्त कोणी ते आधी कळत नाही. कोणाचा वाक वाढणार हे आधी ओळखता येणं, हाच आजच्या संशोधनातला खरा प्रश्न आहे. तोवर ब्रेसची सक्ती करणारे आणि ब्रेसला थोतांड म्हणणारे, दोघांनीही जरा दमाने घ्यावं.

ब्रेसबद्दल आणखी थोडं, कारण घराघरांत भांडणं तिथेच होतात. काखेपासून कमरेखालपर्यंतचं कडक प्लास्टिकचं कवच, आतून गाद्या, मागून किंवा पुढून पट्टे. पुण्याचा एप्रिल, पारा चाळिशीला, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर हे. आत सुती बनियन घातला तरी घामोळं येतंच. त्या अभ्यासात मुलांना दिवसाला किमान अठरा तास सांगितले होते. ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारी इवलीशी चिप होती, आणि चिपने सांगितलं की सुरुवातीच्या सहा महिन्यांत मुलं सरासरी बाराच तास घालत होती. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. त्याच चिपने दुसरीही गोष्ट दाखवली: सरासरी १२.९ तासांपेक्षा जास्त घालणाऱ्यांत यशाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात गेलं. मी हिशेब केला. संध्याकाळी सहा ते सकाळी सात, तेरा तास. शाळा, मैदान, मैत्रिणी बाहेर ठेवून, घरच्या आणि झोपेच्या वेळात हे बसू शकतं. किती तास हे डॉक्टरच ठरवतील, पण 'शाळेत सगळे हसतील' म्हणून ब्रेस माळ्यावर टाकणाऱ्या घराला हा हिशेब माहीत असायला हवा.

हसण्यापेक्षाही मोठी भीती आपल्याकडे वेगळी असते. 'पुढे स्थळं बघताना अडेल' म्हणून निदान लपवायचं, शाळेला कळू द्यायचं नाही, तपासणीच नको म्हणायचं. पंधरा अंशांचा वाक असलेली बाई पोहू शकते, नाचू शकते, तिला मुलं होऊ शकतात. जगातला सर्वांत वेगवान धावपटू उसेन बोल्ट याला स्कोलिओसिस आहे, आणि त्याने ते स्वतः उघड सांगितलं आहे. लपवाछपवीत वाया जाणारी दोन वर्षं म्हणजे ब्रेसचा उपयोग होणारी दोन वर्षं. उंची वाढायची थांबली की त्या कवचाला करण्यासारखं काही उरत नाही. मग पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेलेल्या वाकाला स्क्रू आणि रॉडची मोठी शस्त्रक्रिया, आणि त्या बिलापुढे ब्रेसचा खर्च अगदी किरकोळ. मधल्या काळात ऑनलाइन मिळणारे 'पोश्चर बेल्ट' आणि एका झटक्यात कणा सरळ करून देणारे रीलवाले यांचं फावतं. त्या बेल्टने स्कोलिओसिसचा पीळ उलटत नाही. जर्मनीच्या कॅथरीना श्रोथ यांच्या पद्धतीचे व्यायाम वेगळे, ते प्रशिक्षित फिजिओकडून शिकून ब्रेसच्या जोडीला करायचे असतात.

एक्स-रेचा आक्षेपही खरा आहे. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात उपचार झालेल्या साडेपाच हजार स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाढत्या वयात सरासरी पंचवीस एक्स-रे झालेल्या या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त आढळले. तेव्हाची यंत्रं वेगळी होती, डोस जास्त होता. तरी धडा घ्यायचाच: स्कोलिओमीटर पास नाही झाला तरच एक्स-रे, तोही पाठीकडून पुढे जाणारा, म्हणजे छातीवर डोस कमी पडतो, आणि 'दर महिन्याला एक काढून टाका' असं सांगणाऱ्याला का ते विचारायचं.

आपल्या देशात पाठ बघण्याचं एक कारण अमेरिकेच्या चर्चेत येतच नाही: क्षयरोग. हाडांच्या क्षयात सुमारे निम्मा कण्याचा असतो, आणि मुलांमध्ये त्याने मणका खचून टोकदार कुबड येतं. त्याचं औषध सरकारी योजनेत फुकट आहे, वेळेवर सापडला तर मूल पांगळं होण्यापासून वाचतं. पुढे वाकवून पाठ बघणाऱ्या सिस्टरला तेही दिसेल. वारंवार हाडं मोडणारं, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असलेलं मूलही अशाच तपासणीत हेरता येतं. ठिसूळ हाडांच्या या जन्मजात आजारावर बिस्फॉस्फोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचा इलाज आहे आणि केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात त्याचा समावेश आहे.

मुलांच्या हाडांचं संशोधन या शहराला नवं नाही, म्हणून तर जास्त राग येतो. जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी भारतीय मुलांची वाढ, ड जीवनसत्त्व, हाडांची घनता यांवर वर्षानुवर्षं काम केलं. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे वाढीचे तक्ते त्यातूनच आले. पुण्यातल्या वस्तीत पाळणाघरात जाऊन उन्हात खेळणारी मुलं आणि दिवसभर घरात कोंडलेली मुलं यांच्यातला मुडदुसाचा फरक याच गटाने दाखवला. केईएम रुग्णालयाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या वरचेवर खाल्लेल्या आयांच्या मुलांची हाडं सहाव्या वर्षी जास्त भरीव निघाली. तिकडे हाँगकाँगच्या संशोधकांना स्कोलिओसिस असलेल्या बऱ्याच मुलींची हाडं विरळ आढळली आहेत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडणाऱ्या आपल्या मुलींमध्ये या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न पुण्याने विचारायचा नाही तर कोणी? पण त्यासाठी आधी पाठी मोजल्या गेल्या पाहिजेत. रकाना नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर संशोधन कशावर करणार?

माझी मागणी मोठी नाही. पाचवी आणि सातवीच्या मुली, आठवी-नववीचे मुलगे. पथकाच्या फॉर्मवर एक रकाना, पथकाच्या बॅगेत एक स्कोलिओमीटर. महापालिकेच्या शाळांत हे उद्या सुरू होऊ शकतं. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघांनी दप्तराच्या ठरावाखाली आणखी एक ओळ लिहावी.

मात्र अट आधी. सापडलेल्या मुलाला पुढे कुठे न्यायचं, हे ठरल्याशिवाय तपासणी सुरू करू नये. ससूनमध्ये किंवा जिथे सोय होईल तिथे आठवड्याचा ठरलेला वार हवा, एक्स-रे वाचून कॉब कोन मोजणारा डॉक्टर हवा, आणि ब्रेस बनवणारा तंत्रज्ञ हवा. १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र ज्या शहरात आहे, तिथे हे कसब शिकवायला माणसं मिळणार नाहीत असं कोणी सांगू नये. वाढीच्या ऐन भरात वाक महिन्याला एखाद-दुसऱ्या अंशानेही वाढू शकतो. म्हणून जुलैत जिची पाठ उंचसखल दिसली तिचा एक्स-रे गणपतीच्या आत झाला पाहिजे. तिला दिवाळीनंतरची तारीख देणार असाल, तर शाळेत पडदा लावून तिला वाकवायच्या भानगडीत पडू नका.